बाटल्यावर बसून सोललेलं बिरडं

भरलेल्या गॅस सिलिंडरवर बसून मी बिरडं सोलत होते, हे आधीच सांगून टाकते. पदर खोचलेला, मांडीवर ताट, ताटात मोड आलेले वाल आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू देवळाच्या कळसावर बसले आहे. समोर भागीकाकी, तिची सून शैला, आणि दगडी गडग्यावरून माना लांब करून बघणारी अर्धी वाडी. माझ्या हातून आयुष्यात जेवढे मूर्खपणे झाले, त्यांत याचा नंबर पहिला. नाती विचारतात, ‘आज्जी, मग दुसरा नंबर कोणता?’ दुसरा नंबर त्यांच्या आजोबांचा. ते असो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीत आमची गॅस एजन्सी नुकती सुरू झाली होती. मी देवरूखची, बी.एस्सी. केमिस्ट्री, वय तेवीस, आणि पद ‘लेडी डेमॉन्स्ट्रेटर’. म्हणजे ज्या घरी नवं कनेक्शन जाईल त्या घरी सिलिंडरबरोबर मीपण जायचं. रेग्युलेटर कसा लावायचा, नळी कशी तपासायची, बटण कसं फिरवायचं ते दाखवायचं, चहा करायचा, तो पिऊन परत यायचं. पगार बेताचा, चहा भरपूर.

सिलिंडरला गावात ‘बाटला’ म्हणत. हा शब्द मुंबईहून चाकरमान्यांबरोबर आला होता, बाटल्याच्याही आधी. आणि बाटल्याच्या मागोमाग दुसरा शब्द ठरलेला असायचा, ‘डेंजर’. कुठल्याही घरात शिरले की पहिलं वाक्य तेच. ‘बाई, हे डेंजर आहे म्हणतात.’

मालक अण्णा रोज सकाळी मला एकच मंत्र देत. ‘बाई, तुमचं काम काय? भीती घालवणं. स्वयंपाक बायकांना येतो.’

त्या महिन्यात माझ्या दोन घरांतून बाटले परत आले होते. डेमो झाला, चहा झाला, आणि चार दिवसांनी निरोप, ‘घेऊन जा, घरात म्हातारं माणूस घाबरतं.’ अण्णांनी मला बोलावलं.

‘तिसरा परत आला तर काय होईल?’

‘काय होईल?’

‘तो ज्या टेम्पोतून परत येईल, त्याच टेम्पोतून तुम्ही देवरूखला.’

तिसरं घर भागीकाकीचं होतं. खाडीपलीकडची वाडी, टेम्पो अर्ध्या वाटेपर्यंतच जायचा. मुलगा मुंबईत गिरणीत नव्हे, एका छापखान्यात होता. तो गणपतीला आला तेव्हा कनेक्शन नोंदवून गेला होता. घरात दोघीच, काकी आणि शैला. शैलाला चुलीच्या धुराने दमा धरला होता. दोन वाक्यं बोलली की तिसऱ्याला थांबायची, भिंतीला हात लावायची. डॉक्टरांनी धूर बंद करायला सांगितलं होतं, म्हणून हा बाटला. तो परत गेला असता तर वेटिंग लिस्टवरच्या पुढच्या माणसाला मिळाला असता आणि शैलाचा नंबर पुन्हा कधी लागला असता देव जाणे.

पहिल्या दिवशी दारातच काकीने हात आडवा केला.

‘डेंजर आहे ते. बाहेरच ठेवा.’

मी केमिस्ट्री सुरू केली. पत्रा किती जाड, टेस्टिंग कसं होतं, व्हॉल्व्ह म्हणजे काय. व्हॉल्व्ह म्हणजे बाटल्याच्या तोंडाशी असलेला नळ, रेग्युलेटर लावल्याशिवाय तो उघडत नाही. काकी ऐकून घेत होती. माझं संपलं की म्हणायची, ‘ते खरं, पण डेंजर आहे.’

तेव्हा माझ्या डोक्यात ती थोर कल्पना आली. मी बाटला मागच्या पडवीत उभा केला, टोपी घट्ट बसवली, आणि वर चढून बसले.

आमचा टेम्पोवाला इस्माईलभाई बाटला खांद्यावरून उतरवून घाम पुसत होता. तो चार पावलं मागे सरला.

‘बाई, मी गाडीत जाऊन बसतो.’

‘का हो? घाबरलात?’

‘तसं नाय. तुम्ही उडालात तर अण्णांना सांगायला कोणतरी पायजे ना.’

वाडी हसली. मला चेव आला. शैलाच्या हातातलं वालाचं ताट मी मागून घेतलं. वाल भिजवून, मोड आणून, एकेक दाणा चिमटीत धरून साल काढायची, त्याला आमच्याकडे बिरडं सोलणं म्हणतात. बसून करायचंच काम. मी बसून केलं. अर्धं ताट संपलं तरी मी उडाले नाही. मग उतरले, आत जाऊन शेगडी टेबलावर मांडली, रेग्युलेटर लावला, नळीच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून दाखवलं. बुडबुडा आला तर गळती, नाही आला तर ठीक. मग चहा केला. काकीने सगळं नीट पाहिलं. चहा प्यायली. म्हणाली, ‘बसायला बरा आहे.’

याला मी यश समजले. अण्णांना छाती फुगवून सांगितलं. अण्णांनी मला एक पेढा दिला. अर्धाच, पण दिला.

पंधरवड्याने मी पाहणीला गेले. नव्या घरात एक चक्कर मारायची आमची पद्धत होती. वाडीत शिरले तेव्हा घराच्या कौलांतून धूर निघत होता. मनात म्हटलं, न्हाणीघरातली चूल असेल. मागच्या दाराने आत गेले आणि उंबऱ्यातच थांबले.

काकी चुलीपुढे बसली होती. बाटल्यावर.

बाटला आडवा केला होता. घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंनी नारळाची सोडणं लावली होती. वर गोणपाटाची घडी. त्यावर काकी मांडी ठोकून, हातात फुंकणी, गाल फुगवून चुलीत फुंकत होती. चूल अशी पेटली होती की भाताचं झाकण नाचत होतं. बाटल्याचं तोंड आणि जाळ यांच्यात कोयत्याच्या मुठीएवढं अंतर. बाजूला बाटल्याची टोपी उताणी, तिच्यात काकीची मशेरी.

कोपऱ्यात शैला पदर नाकाशी धरून खोबरं किसत होती आणि खोकत होती.

माझी केमिस्ट्री सगळी एकदम आठवली. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीवर पसरतो. जमिनीवर काय? चूल. बाटला आडवा ठेवला की आतलं द्रव तोंडाशी येतं. तोंडाशी काय? मशेरीची टोपी काढलेला व्हॉल्व्ह. आणि या सगळ्यावर काय? काकी.

‘ये गो बाय,’ काकी म्हणाली. ‘उभा उंच पडतो, म्हणून आडवा केला. अगदी पाटापेक्षा उंच, खुर्चीपेक्षा बुटका. तू म्हणालीस ते बरोबर, काय होत नाय.’

‘शेगडी कुठे आहे?’

‘माळ्यावर. बांधून ठेवलीय, धूळ बसते.’

‘मग हा शेगडीपासून सोडवला कोणी?’

‘मी. तू दाखवलंस तसा. बटण फिरवलं नि उचललं.’

ओरडावं तर काकी दचकून उठणार, सोडणं सरकणार आणि बाटला थेट चुलीत. विनंती करावी तर ती विचारणार, का? आणि ‘धोका आहे’ असं कोणत्या तोंडाने सांगू? त्याच तोंडाने मी त्यावर बसून बिरडं सोललं होतं. मी तिथे उभी राहून हसले. घाबरले की मला हसू येतं, ही माझी जुनी खोड. काकीपण हसली. शैला खोकली.

मग जे कोकणातल्या कुठल्याही बाईला कुठूनही उठवतं, ते मी केलं.

‘काकी! वांदरं! फणसावर वांदरं!’

काकी वयाने सत्तरीची, पण ज्या वेगाने ती बाटल्यावरून उठली तो वेग मी पुढे फक्त शर्यतीच्या घोड्यांत पाहिला. फुंकणी उगारून ती मागच्या दाराने गेलीसुद्धा. ‘थांबा रे मेल्यांनो! थांबा!’ अशी तिची आरोळी फणसाच्या बाजूला विरत गेली.

‘शैला, बाटला धर!’

दोघींनी मिळून तो उभा केला. एका अंगाने चांगलाच कोमट लागत होता. माझ्या घाबरलेल्या हाताला तर तो तापलेल्या तव्यासारखाच लागला. फरफटत पडवीत नेला, टोपीतली मशेरी झटकून टोपी बसवली. आत येऊन पाहते तर चूल अजून भडभडत होती. गॅस कुठे साचला असेल तर? मी शेजारची कळशी उचलली आणि अख्खी चुलीत ओतली.

फस्सकन वाफ उठली. राख छपरापर्यंत गेली. भाताचं भांडं कलंडलं. शैलाने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं धुराने. धुराने नव्हे.

आता हे बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडे चुलीत पाणी ओतत नाहीत. लाकडं मागे ओढायची, निखारे राखेत झाकायचे, सकाळी त्याच राखेतून विस्तव काढायचा. भरल्या घरातली चूल पाण्याने विझवली म्हणजे घर उठलं, असं मानतात. मी देवरूखची, माझ्या आईने मला हे पहिली चहाची तपेली हातात देताना सांगितलं होतं. पण माझ्या डोक्यात तेव्हा आई नव्हती, केमिस्ट्री होती.

काकी परत आली. ‘वांदर कुठे गो? एक शेपूट दिसलं नाय...’ आणि तिला चूल दिसली. काळी, ओली, वाफाळणारी.

तिने फुंकणी भिंतीला टेकवून ठेवली. मग खाली बसली, या वेळी जमिनीवर.

‘विझवलीस,’ ती म्हणाली. ‘मला ठाऊक होतं. हा बाटला माझी चूल विझवणार.’

‘काकी, ऐका. तो फुटला असता.’

‘फुटला असता? तू त्याच्यावर बसून वाल सोललेस!’

‘तेव्हा चूल नव्हती शेजारी. आणि तुम्हीच घाबरत होतात ना, फुटेल म्हणून. म्हणून तर मी बसले.’

काकीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं दुकानदार खोट्या नाण्याकडे बघतो.

‘मी फुटेल म्हटलं?’

‘म्हणजे... तुम्ही डेंजर म्हणालात.’

‘डेंजर म्हटलं. फुटेल तू म्हणालीस. पत्रा जाड, व्हालव, काय नि काय, तूच बोलत होतीस. मी म्हटलं, बोलतेय पोर तर बोलू दे.’

‘मग डेंजर म्हणजे काय म्हणायचं होतं तुम्हाला?’

हा प्रश्न पंधरा दिवसांपूर्वी विचारायला हवा होता. विचारायला काही बी.एस्सी. लागत नाही.

काकी बोटांवर मोजत सांगू लागली. खालच्या घरात बाटला आला आणि सून डोंबिवलीला गेली. शिवरामाच्या घरात बाटला आला, ती सून कल्याणला गेली, तिच्यामागून बाटलाही गेला. मुंबईच्या खोलीत चूल चालत नाही, गॅसच लागतो. पोरगी इथे गॅस शिकली की खोलीला तयार झाली. ‘चूल आहे तवर सून आहे,’ काकी म्हणाली. ‘मग हिला बटणं कशाला शिकवू? मी त्याला बसायला घेतला. घरात आला तर आला, चार माणसांच्या उपयोगी पडू दे.’

 खरं सांगायचं तर मला त्या हिशोबात चूक सापडत नव्हती. माझ्यापेक्षा तिची निरीक्षणं जास्त होती.

चूक शैलाला सापडली. ती उठली, भिंतीला हात लावला, आणि तुटक तुटक बोलली.

‘आई, डॉक्टर काय म्हणाले? तुम्ही बाहेर बाकावर होतात. म्हणाले, धूर बंद करा. नायतर हिला या घरातून हलवा. मुंबईला नाय तर माहेरी.’ इथे ती थांबली, श्वास घेतला. ‘बाटला असला तरच मी इथे राहते. चूल राहिली तर मला जायलाच लागेल.’

काकीने कलंडलेलं भाताचं भांडं सरळ केलं.

‘हे आधी का नाय बोललीस?’ काकी म्हणाली.

‘तुम्ही कुठे विचारलंत?’

‘आणि तू गो?’ काकी माझ्याकडे वळली. सासू-सुनांचं भांडण मिटताना तिसऱ्या बाईवर येतं, हा नियम मी तेव्हापासून पाळते आणि वेळेवर उठून जाते. त्या दिवशी ठाऊक नव्हता. ‘तुला कोणी सांगितलं होतं त्याच्यावर बसायला? बसलीस ती बसलीस, वर चहा केलास. नव्या चुलीवर पहिलं दूध उतू जाऊ देतात, हे देवरूखात शिकवत नायत?’

‘शिकवतात.’

‘मग?’

‘एजन्सीच्या पद्धतीत चहा आहे.’

‘एजन्सीला आई नाय?’

मी माळ्यावरून शेगडी काढली. राखेने माखलेल्या साडीत, नाकाला काजळी लागलेली, अशा अवतारात मी दुसरा डेमो दिला. बाटला उभा, खिडकीजवळ. शेगडी त्याच्याहून उंच टेबलावर. मध्ये कधीही चूल नाही, दिवा नाही, काकी नाही. रेग्युलेटर काकीने स्वतः लावला, माझ्याहून चांगला.

शैलाने दूध चढवलं. काकीने हळदकुंकू वाहिलं, एक बोट शेगडीला आणि एक बाटल्याला. आम्ही तिघी टेबलाभोवती उभ्या राहिलो. दूध वर येऊ लागलं. नवी चूल म्हणजे दूध उतू जाऊ द्यायचं, पूर्वेला सांडलं तर उत्तम. काकी आनंदाने म्हणाली, ‘आलं, आलं, सोडू नको गो, येऊ दे!’ मीपण टाळ्या वाजवल्या. दूध आलं, भांड्यावरून सांडलं, आणि थेट बर्नरवर गेलं. ज्योत विझली.

आता लक्षात घ्या. ज्योत विझली तरी बटण चालूच असतं, गॅस येतच राहतो. आमच्या डेमोतला हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. तो शिकवणारी बाई टाळ्या वाजवत होती.

बटण काकीने बंद केलं. खिडकी शैलाने उघडली. मी टाळ्या थांबवल्या.

‘विझली तर पहिलं बटण,’ काकी मला समजावू लागली. ‘मग खिडकी. वास जाईपर्यंत काडी ओढायची नाय. पहिल्या दिवशी तूच बोलली होतीस, विसरलीस?’

पूर्वेला सांडलं की नाही हे बघायचंच राहून गेलं. काकीने सांगितलं, पूर्वेलाच. आम्ही मान्य केलं.

आतली चूल पुन्हा पेटली नाही. तिची मांडणी काकीने मागल्या दारी, आंघोळीच्या पाण्यासाठी केली, आणि शेजारहून विस्तव आणून स्वतःच्या हाताने पेटवली. त्या चुलीपुढे मला नारळ फोडायला लावला. नारळ फुटला नाही, दोनदा हातातून निसटला. वाडीने तेही गडग्यावरून पाहिलं.

अण्णांसमोर उभी राहिले तेव्हा संध्याकाळ झाली होती.

‘बाटला परत आला?’

‘नाही.’

‘मग तुम्ही जळून आल्यासारख्या का दिसता?’

मी सगळं सांगितलं. अण्णांनी टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं. मला वाटलं, आता टेम्पो. ते म्हणाले, ‘आजपासून कोणीही कशावरही बसणार नाही. आणि डेमोच्या आधी विचारायचं, नक्की काय होईल असं वाटतं तुम्हाला. उत्तर येईपर्यंत तोंड बंद. जमेल?’

‘प्रयत्न करीन.’

‘पेढा परत देता का?’

त्यानंतर बरीच वर्षं ते काम केलं आणि प्रत्येक घरात तो प्रश्न विचारला. स्फोटाला घाबरणारे निघाले, नाही असं नाही, पण ते थोडे. खेडला एक मास्तर म्हणाले, डेंजर आहे, आणि खोदून विचारलं तर निघालं की बायकोचा स्वयंपाक लवकर आटोपला तर ती भजनी मंडळात जाईल आणि तिथे त्यांच्या घोरण्याच्या गोष्टी सांगेल. दापोलीच्या एका आजोबांना डेंजर वाटत होती ती भाकरी. चुलीवरची बंद झाली म्हणजे या घरात आपण आता पाहुणेच. एका बाईने तर उलटच सांगितलं, ‘डेंजर काही नाही हो, पण नवऱ्याला तसंच सांगा, म्हणजे तो ओट्याजवळ येणार नाही.’ तिला मी तसं सांगितलं. एजन्सीच्या नियमात बसत नव्हतं.

माणूस ‘डेंजर’ म्हणतो तेव्हा बोट वस्तूकडे असतं आणि नजर दुसरीकडेच. नजर कुठे आहे ते आधी बघावं. माझ्या धंद्यातला धडा म्हणाल तर एवढाच, आणि तो मी अर्ध्या पेढ्याच्या किमतीत शिकले.

शैलाचा दमा बरा झाला असं म्हणणार नाही, पण तिला तिसऱ्या वाक्याला थांबावं लागेना. ती त्याच घरात राहिली. मुलगाच काही वर्षांनी नोकरी सोडून गावी आला, तेव्हा काकीने बाटल्याला श्रेय दिलं, डॉक्टरला नाही.

पुढल्या रीफिलला मी गेले तेव्हा शैला शेगडीवर आंबोळ्या घालत होती आणि काकी टेबलापाशी खुर्चीवर बसून तिच्यावर देखरेख करत होती. नियमाप्रमाणे मी विचारलं, ‘काय काकी, अजून डेंजर वाटतो का बाटला?’

काकीने आंबोळीचा तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला, आणि म्हणाली:

‘बाटल्याला वास तरी येतो गो बाय, आधी कळतं. तुझं काय कळत नाय. हसत हसत येतेस नि चूल विझवून जातेस.’